आठ दिवसांची रजा: मॉन्टेनेग्रो की उत्तर मॅसिडोनिया?

मॉन्टेनेग्रो पुणे जिल्ह्याहूनही लहान, उत्तर मॅसिडोनिया मॉन्टेनेग्रोच्या जवळपास दुप्पट. आठ दिवसांत दोन्ही नीट होत नाहीत, एकच निवडा.

आधी व्हिसा, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. भारतीय पासपोर्टला दोन्हीकडे व्हिसा लागतो. वैध मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) असेल तर मॉन्टेनेग्रोत ३० दिवस, उत्तर मॅसिडोनियात १५ दिवस राहता येतं. नियम बदलतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याची साइट बघाच. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकहून मॉन्टेनेग्रोतलं कोटोर ‘एका दिवसात करून येऊ’ म्हणणाऱ्यांनी विशेष जपावं. क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये आहे. सिंगल एंट्रीवर एकदा बाहेर पडलात की परतीचं दार बंद.

आता महिना. जुलै-ऑगस्टमध्ये कोटोरचा आखात आम्ही सुचवणार नाही. आखाताला वळसा घालणारा रस्ता अरुंद, सीमेवर तासन् तास रांग, आणि क्रूझ जहाजं सकाळी हजारो माणसं उतरवतात. मे-जून किंवा सप्टेंबरला मात्र या देशाला तोड नाही. मुक्काम पेरास्त किंवा डोब्रोटाला करा. कोटोरच्या किल्ल्याच्या सुमारे १३५० पायऱ्या सकाळी आठच्या आत चढायला घ्या: वर सावली नाही, आणि झिजून गुळगुळीत झालेले दगड उतरताना घसरतात. नोव्हेंबरनंतर जाऊ नका. आखाताच्या माथ्यावरचं त्स्र्कव्हित्से हे युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे.

भर उन्हाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर उत्तर मॅसिडोनियातलं सरोवराकाठचं ओह्रिड. गर्दी तिथेही असते, पण गाव ६९५ मीटर उंचीवर, त्यामुळे रात्री सुखाच्या. सरोवर २८८ मीटरपर्यंत खोल आणि अतिशय नितळ. २९ किलोमीटरवरच्या स्वेती नाउम मठाला बोटीने जा आणि तिथल्या झऱ्यांवर वल्ह्याच्या नावेत बसा. तळाची वाळू सतत उकळल्यासारखी हलताना दिसते. शेजारचं प्रेस्पा सरोवर सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे. त्याचं पाणी मधल्या गालिचित्सा डोंगराच्या चुनखडीतून झिरपून इथे वर येतं.

गाडी चालवणार नसाल तरी ओह्रिडच सोपं: राजधानी स्कोप्येहून बसने तीन-साडेतीन तास, पुढे बहुतेक सगळं पायी. मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावर बस चांगल्या आहेत (डिकीतल्या सामानाचे सुटे युरो जवळ ठेवा), पण दुर्मितोरचे डोंगर आणि तारा नदीची १३०० मीटर खोल दरी मनासारखी बघायला गाडीच हवी. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, लवकर सांगून ठेवा. कोटोर ते दुर्मितोरजवळच्या झाब्ल्याक गावाला तीन-साडेतीन तास धरा. नकाशावरच्या किलोमीटरांवर जाऊ नका.

शाकाहाऱ्यांचा कौल सरळ उत्तर मॅसिडोनियाला. तावचे ग्रावचे म्हणजे मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा. कधी त्यात मांस टाकतात, म्हणून ‘बेझ मेसो’ सांगायचं. आयवार या चटणीसाठी मोठ्या लाल मिरच्या भरताच्या वांग्यासारख्या विस्तवावर भाजून, सोलून, तासन् तास आटवतात. मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावर मासे आणि सुकवलेलं डुकराचं मांस जास्त. डोंगरात काचामाक मिळतो, पीठ-बटाटा घोटून चीज आणि साय घातलेला. पोटभरीचा, पण रोज खाववत नाही.

खर्चातही ओह्रिड स्वस्त. मॉन्टेनेग्रोत, युरोपीय संघात नसूनही, युरोच चालतो. उत्तर मॅसिडोनियात देनार, एका युरोला साधारण ६१. उरलेले देनार विमानतळाच्या आधीच संपवा, देशाबाहेर ते सहसा कुणी घेत नाही.

दहा-बारा दिवस मिळाले तर मात्र अल्बेनियातून दोन्ही जोडता येतात. तिथे मल्टिपल एंट्री शेंगेन आधी एकदा वापरलेला लागतो, आणि भाड्याच्या गाडीला सीमापार विम्याचं ग्रीन कार्ड. ते गाडी ताब्यात घेतानाच मागून घ्या.