जीप घाटात तापायची: कूलिंगचं काम करून नऊ महिने झाल्यावर

गेल्या एप्रिलात महाडहून भोरला येताना वरंधा घाटात जीपचा काटा लाल पट्टीला टेकला. शेजारी बाबा, मागे आई, बाहेर भट्टी. एसी बंद केला, इंजिनाची उष्णता ओढून घ्यावी म्हणून हीटर पूर्ण चालू केला, काचा खाली घेतल्या आणि तसेच घामाने निथळत वाघजाईच्या देवळापर्यंत आलो. बॉनेट उघडलं तर ओव्हरफ्लोच्या बाटलीत पाणी खदखदत होतं. बाबा झाकण उघडायला निघाले होते, त्यांचा हात धरला. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की दाबाखालचं पाणी अंगावर येतं आणि थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. पाऊण तास थांबलो, मग निघालो.

गाडी जुनी डिझेल फोर बाय फोर आहे, एसी नंतर बसवलेला. त्या दिवसापर्यंत दोन वर्षं मी उपाय करतच होतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं) करून घेतलं, वॉटर पंप बदलला. एका गॅरेजात सांगितलं, "व्हॉल्व काढून टाकू साहेब, पाणी मोकळं फिरेल." म्हणून थर्मोस्टॅटही काढला, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा तो व्हॉल्व. घाटातल्या प्रसंगानंतर जाड गाभ्याचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर घेतला. खर्च मोठा होता आणि आता प्रश्न मिटला असं मनापासून वाटलं. पावसाळ्याच्या तोंडावर मुळशीच्या बाजूला एका कच्च्या चढावर पहिल्या गिअरात वीस मिनिटं चाललो आणि काटा पुन्हा वर!

मग भोरच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एकच विचारलं, "तापते कधी? हायवेला, का हळू चालताना?" हायवेला वेगात तापत असेल तर बहुतेक वेळा पाणी नीट फिरत नाही: रेडिएटर तुंबलेला, पंप कमजोर किंवा खालचा होज (रबरी नळी) ओढीने चपटा होतोय. हळू चालताना किंवा उभ्या गाडीत तापत असेल तर हवा कमी पडते. माझी गाडी हायवेला कधीच तापली नव्हती. म्हणजे दोन वर्षं मी पाण्यावर खर्च करत होतो आणि दुखणं हवेचं होतं.

फॅनभोवतीचा श्राउड, म्हणजे रेडिएटरला लागून असलेलं आवरण, माझ्या गाडीत नव्हताच. एसी बसवताना कुणीतरी काढून ठेवला आणि परत लावला नाही. श्राउड नसला की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो. हायवेला समोरून वारा येतो म्हणून हे कळत नाही. चढावर, जिथे सगळी भिस्त फॅनवर असते, तिथे कळतं. मिस्त्रींनी पत्र्याचा श्राउड बनवून घेतला आणि पाती साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर राहतील असा बसवला. फॅनचा व्हिस्कस क्लचही, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग, मेलेला निघाला. इंजिन गरम असताना बंद करून फॅन हाताने फिरवला की जड लागायला हवा. माझा भिंगरीसारखा फिरत होता. तोही बदलला.

थर्मोस्टॅट परत बसवायला लावला तेव्हा मी विरोध केला. त्यांचं म्हणणं, या इंजिनात थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद होते. तो काढून टाकला की ती वाट कायम उघडी राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं. काही शे रुपयांचा, ८२ अंशांना उघडणारा भाग. झाकणही नवं, ०.९ बारचं घातलं. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं, आणि उंचीवर आणखी लवकर. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. बोअरचं क्षाराचं पाणी काढून तयार कुलंट भरलं. (कुलंट काढताना परातीत उघडं ठेवू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.)

हे सगळं ऑगस्टात झालं. सोबत वरच्या होजमध्ये सेन्सर टाकून अंश दाखवणारा मीटर लावला. त्याने मला सर्वांत जास्त शिकवलं. कंपनीचा काटा ८० पासून जवळजवळ १०० पर्यंत मधोमधच बसलेला असतो, हे मीटर लावल्यावर दिसलं. काटा हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात एकदा सपाट रस्त्यावरही नेहमीपेक्षा सहा-सात अंश जास्त दिसायला लागले. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत तांबडा चिखल आणि कुसळं गच्च बसली होती. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या पाइपच्या धारेने धुतलं. सर्व्हिसिंगवाल्यांच्या जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ पाकळ्या वाकतात, तो जवळ येऊ देऊ नका. चिखलातल्या प्रत्येक फेरीनंतर आता हे ठरलेलं आहे.

मीटरची एक गोष्ट मात्र धोक्याची. फेब्रुवारीत होजचा क्लॅम्प ढिला होऊन कुलंट वाहून गेलं आणि मीटर ९० वरून ७० वर आला. मला बरं वाटलं, पण बॉनेटमधून गोडसर वास आला म्हणून थांबलो. पाणीच नसेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि कमी आकडा दाखवतो. इंजिन त्या वेळी जळायला निघालेलं असतं. आता इंजिनाच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) बोल्टखाली दुसरा सेन्सर आहे, तो थेट धातूचं तापमान दाखवतो आणि बजर वाजवतो. एकच घ्यायचा असेल तर हा घ्या.

अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर मी पुन्हा घेणार नाही. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी डिसेंबरात एका वेल्डिंगपाशी केसाएवढी चीर गेली. जुना तांब्या-पितळेचा कुठल्याही तालुक्याच्या गावात झाळून मिळाला असता. याला नीट वेल्डिंग करणारा माणूस शोधायला चार दिवस गेले. आता खाली रबरी बुश घातलेत, त्यानंतर गळती नाही.

गेल्या आठवड्यात, मे महिन्यात, तोच वरंधा तेच तिघं घेऊन चढलो. एसी चालू, खालचा गिअर, इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर ठेवलं म्हणजे पंप आणि फॅन दोन्ही जोरात चालतात. सर्वांत जास्त आकडा ९८. वाघजाईला थांबलो ते भजी आणि चहासाठी. बाबांनी तरीही बॉनेट उघडून पाहिलंच.

उभ्या गाडीत एसी चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं झाली की अजूनही १०१ दिसतो. समोर इलेक्ट्रिक फॅन लावा असं बरेच जण सुचवतात, पण तो बंद असताना हवेची वाट अडवतो. त्यामुळे आधी ग्रिलपुढचे दोन जादाचे दिवे काढून बघणार आहे.