लक्ष्मीपुरीतनं आणलेला 21 इंची डबडा टीव्ही, महिनाभर वापरून

आधीच सांगतो, स्मार्ट वगैरे काही नाही, काचेच्या ट्यूबचा ढेरपोट्या टीव्ही आहे, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडनं 1200 ला घेतला. शिवाजी पेठेतल्या आमच्या जिन्यातनं वर चढवताना मी आणि भाऊ घामाघूम, सगळं वजन पुढं काचेकडं त्यामुळं धरायचं कुठं तेच कळंना आणि आई वरनं ओरडतीय, "एक काढला तवर परत ह्ये धूड कशाला आणलंस रं?"

कशाला तर डक हंटसाठी, बंदुकीनं बदकं पाडायचा जुना व्हिडिओ गेम. माळ्यावर लहानपणीचा कॅसेटवाला गेम घावला, बंदुकीसकट. एलईडी टीव्हीवर मारिओ चालतोय पण बदकावर कितीबी नेम धरा, एक पडत नाही, गेममधलं कुत्रं आपलं हसतंय. मला वाटलं बंदूकच गेली. तर तसं नाही, ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड बघतो, ट्यूबवर हे तिथल्या तिथं होतं, एलईडी चित्र प्रोसेस करत बसतो तवर बंदुकीचं बघून झालेलं असतंय. ह्या धुडावर पहिल्याच गोळीला बदक खाली. नाद खुळा!

आणि चित्र बघा की. ह्या गेमचं चित्रच मुळात 256 बाय 240 ठिपक्यांचं, एलईडीवर सगळ्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, इथं कडा एकमेकांत मिसळतात, मारिओच्या मिशा मिशाच वाटतात. चालू करताना ते "टुंग", काचेजवळ हात नेला की उभे राहणारे केस, आहा.

तिसऱ्या दिवशी चित्र वरनं-खालनं आक्रसलं, मारिओ बुटका. काका घरी आले, चित्र उभं ताणणाऱ्या व्हर्टिकल सर्किटचे दोन कंडेन्सर बदलले, एक सुटलेला सोल्डर परत मारला, 150 घेतले. जाताना दम दिला, "प्लग काढला म्हणून मागं हात घालू नका, ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतंय, बंद केल्यावरबी राहतंय."

बारीक शिट्टी वाजत असते सारखी, पंधरा हजार हर्ट्झच्या वरची, मला डोक्यात जाते, बाबांना ऐकूच येत नाही. टेबलाची दीड फूट जागा गेली ती वेगळीच.

4 स्टार, एक जिन्यासाठी कापला. काकांच्यात अजून एक 14 इंची पडलाय, तो एकट्याला उचलतोय.