१ ते २ गिगाहर्ट्झचा व्हीसीओ: डेटाशीटमधली स्थिरता आणि टेबलावरची

५ व्होल्ट पुरवठ्यावर चालणारे हे व्हीसीओ (ट्यूनिंग व्होल्टेज बदलून ज्याची वारंवारता बदलता येते असा दोलक) मॉड्यूल गेले काही आठवडे माझ्या टेबलावर आहे. मॉड्यूल चांगले आहे. तक्रार आहे ती डेटाशीटविषयी, कारण वारंवारता-स्थिरतेचा प्रत्येक आकडा ‘टिपिकल’च्या (हमी नसलेल्या, सर्वसाधारण मूल्यांच्या) रकान्यात असून कमाल मर्यादेचा रकाना कोराच सोडला आहे.

पुशिंग, म्हणजे पुरवठ्याचे व्होल्टेज बदलल्यावर वारंवारता किती सरकते ते प्रमाण, व्होल्टमागे २ मेगाहर्ट्झ दिले आहे. ट्यूनिंग व्होल्टेज तसेच ठेवून पुरवठा ५ वरून ५.२ व्होल्टवर नेला, तेव्हा पट्ट्याच्या मध्यावर ०.४ मेगाहर्ट्झचा फरक पडला आणि आकडा जुळला. १ गिगाहर्ट्झजवळ मात्र तोच फरक १ मेगाहर्ट्झ निघाला, म्हणजे पुशिंग अडीच पट. पट्ट्याच्या या टोकाला ट्यूनिंग व्होल्टेज कमी असते, आणि कमी व्होल्टेजला व्हॅरॅक्टर डायोडची (व्होल्टेजनुसार धारिता बदलणाऱ्या डायोडची) धारिता झपाट्याने बदलते, त्यामुळे ट्यूनिंग संवेदनशीलताही तिथेच सर्वाधिक, व्होल्टमागे ७० मेगाहर्ट्झ, भरली. याचा अर्थ ट्यूनिंगच्या तारेवर १ मिलिव्होल्ट गोंगाट शिरला तरी वारंवारता ७० किलोहर्ट्झ हलते. स्विचिंग रेग्युलेटरवर चालवताना स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या उपकरणावर) मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना साइडबँड, म्हणजे नको असलेली छोटी शिखरे, उभे राहिले. कमी गोंगाटाचा लिनिअर रेग्युलेटर लावताच ते दिसेनासे झाले.

पुलिंग, म्हणजे लोड बदलल्यामुळे होणारी सरक, १२ डेसिबल रिटर्न लॉसला (लोडवरून परत येणारा सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा १२ डेसिबलने क्षीण असताना) दिली आहे. ही अट घरी उभी करणे सोपे आहे: ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) लावून त्याचे पुढचे टोक उघडे ठेवले की जाताना ६ आणि परतताना ६ असे १२ डेसिबल होतात. त्यापुढे वेगवेगळ्या लांबीच्या केबल जोडून परावर्तनाची फेज बदलत गेलो, तर सरक छापील टिपिकल आकड्याच्या आतच राहिली. हा आकडा प्रामाणिक आहे.

तापमानाचे म्हणाल, तर चालू केल्यापासून दहा मिनिटांत आवरण ८ अंशांनी तापले आणि वारंवारता ०.८ मेगाहर्ट्झ खाली आली. अंशामागे ०.१ मेगाहर्ट्झ ही एलसी (कॉइल आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या) दोलकासाठी वावगी गोष्ट नव्हे. इथे क्रिस्टलसारखी पीपीएमची (दहा लाखांत काही भाग इतक्या अचूकतेची) अपेक्षा धरणाऱ्याने दुसरा भाग शोधावा.

पीएलएलमध्ये (वारंवारता स्थिर संदर्भाशी जुळवत ठेवणाऱ्या लूपमध्ये) बसवायचे असेल तर हे मॉड्यूल मी पुन्हा घेईन, कारण मंद सरक लूप सावरून घेतो. लूपबँडविड्थच्या बाहेरचा, म्हणजे लूपला सावरता येणार नाही इतका जलद, फेज नॉइज (फेजमधली अनियमित थरथर) मात्र व्हीसीओचाच राहतो, आणि डेटाशीटमध्ये तो केवळ पट्ट्याच्या मध्यावरचा दिला आहे.