साठ मिनिटांच्या खेळाचा वारस : प्रिन्स ऑफ पर्शिया, द लॉस्ट क्राउन

इंदूरच्या रामबागेतल्या एका संगणक वर्गात 1996 साली, सरांची पाठ वळली की आम्ही मुले प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू करत असू. जॉर्डन मेकनर यांनी 1989 चा तो खेळ घडवताना आपल्या धाकट्या भावाला पळताना आणि उड्या मारताना चित्रित करून त्यावरून आकृती रेखाटल्या होत्या; त्यामुळे पांढऱ्या कपड्यांतला तो तरुण कड्याला बोटांनी लटकला, की आपल्याच पोटात गोळा येत असे.

म्हणूनच जून 2023 मध्ये याच मालिकेतल्या द लॉस्ट क्राउन या नव्या खेळाची पहिली झलक पाहून जे जुने खेळाडू नाराज झाले, त्यांच्यात मीही होतो. पार्श्वभूमीला रॅप गाणे होते आणि नायक राजपुत्र नसून सार्गोन नावाचा योद्धा होता. शिवाय मालिकेतल्याच ज्या सँड्स ऑफ टाइम या जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत सुरू झाल्याचे आम्हाला मोठे अप्रूप होते, ती तर रखडलेलीच होती. प्रत्यक्ष खेळ जानेवारी 2024 मध्ये आला. मी तो दिवाळीच्या सुट्टीत भाच्याबरोबर पूर्ण केला आणि माझे मत साफ बदलले.

जुन्या खेळात आरशातून उडी मारली की नायकाची सावली बाहेर पडून त्याची वैरीण होई, आणि अखेरीस तलवार म्यान केल्यावरच ती त्याच्यात मिसळे. इथे फारसी पुराणकथांतल्या सिमुर्ग पक्ष्याच्या कृपेने सार्गोन स्वतःची सावली एका जागी ठेवून पुढे झेपावतो आणि एका बटणासरशी तिच्या जागी परततो. काट्यांच्या मधोमध ठेवलेले एक नाणे मिळवताना भाच्याने तीसेक वेळा जीव गमावला, पण एकदाही "खेळाने फसवले" असे म्हटले नाही; चूक कुठे झाली, हे दर वेळी त्याला स्वच्छ दिसत होते. मेकनर यांचा वारसा मला नेमका इथे दिसतो.

अडलेल्या जागेचे पडद्यावरचे चित्र टिपून ते खेळातल्या नकाशावर टाचून ठेवण्याची सोय फारच उपयोगी आहे. आम्ही तेव्हा चौकटीच्या वहीत नकाशे काढत होतो. संवादांसाठी फारसी आवाज आवर्जून निवडावेत, कारण दरवाजा, जमीन, कमान असे शब्द मराठीला देणारी ती भाषा काफ या पौराणिक पर्वताच्या या कथेला शोभून दिसते.

कथानक मात्र उत्तरार्धात गुंतत जाते, काही लढाया नको इतक्या लांबतात, आणि जुना खेळ साठ मिनिटांत संपवण्याच्या मुदतीचा तो जीवघेणा तगादा इथे नाही. तरीही उड्यांचा खेळ आवडणाऱ्याने हा अवश्य घ्यावा, आणि मोबाइलवरही तो मिळत असला तरी शक्यतो कंट्रोलर हातात घेऊनच खेळावा. तो घडवणाऱ्या फ्रान्समधल्या मोंपेलिये इथल्या चमूला 2024 मध्येच इतर कामांवर पाठवण्यात आले, याचे मला मनापासून वाईट वाटते.