जुन्या डिझेल पिकअपचा दम मध्येच जातो: डब्यावर चालवून बघायची, स्कॅनर लावायचा की पंप उतरवायचा?

मार्केट यार्डात कांदा उतरवून परत निघालेली रिकामी गाडी बिनतक्रार पळते. दुसऱ्या दिवशी तीच गाडी माल भरून तुळजापूरच्या घाटाला लागली की पिकअप धरत नाही. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. आणि गॅरेजला नेली की तिथं काहीच दाखवत नाही. असला येता-जाता दोष कायमच्या दोषापेक्षा महाग पडतो. मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं तो घडत नाही, मग अंदाजानं सामान बदलणं सुरू होतं, आणि पहिला अंदाज बहुतेक वेळा पंपावर, म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल देणाऱ्या पंपावर, जातो.

समोर रस्ते तीन असतात. डिझेलची लाइन बाजूला काढून गाडी वेगळ्या डब्यावर चालवून बघणं, स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावणं, किंवा पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल उतरवून टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, पाठवणं. माझं मत आधीच सांगतो. मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर आधी डबा, कॉमन रेल (एका सामाईक नळीत मोठ्या दाबानं डिझेल साठवून कंट्रोल युनिटच्या हुकमानं फवारणारी) असेल तर आधी स्कॅनर, आणि पंप उतरवायचा तो दोन्हीकडं शेवटी.

पण त्याच्याही आधी, इंजिनचाच दोष आहे ना, एवढं बघून घ्या. आरपीएम चढतो आणि गाडी पुढं सरकत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. थांबल्यावर एखाद्या चाकाची डिश हात लावता येणार नाही इतकी तापलेली असेल, तर ब्रेक जाम आहे. या दोन गोष्टींपायी पंप खोलून घेतलेले लोक आहेत की हो.

मग दम कसा जातो ते लक्षात ठेवा, कारण निम्मं निदान तिथंच होतं. हळूहळू मिटत गेला आणि धूर जवळजवळ नाही, तर डिझेल कमी पोचतंय. काळा धूर मारत दम गेला, तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. एकदम बटण दाबल्यासारखा गेला आणि चावी बंद-चालू केल्यावर परत आला, तर आधी वायरिंग किंवा सेन्सरवर संशय घ्या. थांबल्यावर आपोआप सुधारत असेल तर टाकीवर संशय घ्या. तळातला कचरा ओढीनं जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद केलं की सुटून खाली बसतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी असंच होतं; झाकण उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर दोष सापडलाच.

डबा

बीएस-३ (धुराच्या जुन्या सरकारी नियमाची पायरी) पर्यंतच्या बऱ्याच पिकअपना मेकॅनिकल पंप आहे. त्यांच्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची परीक्षा मला माहीत नाही. स्वच्छ डिझेलचा डबा पक्का बांधायचा, त्यातून नवा पाइप नव्या फिल्टरपर्यंत आणायचा, रिटर्नही (उरलेलं डिझेल परत नेणारा पाइप) डब्यातच सोडायचा, आणि भरल्या गाडीनं त्याच चढावर जायचं. दोष गेला, तर टाकी, जाळी, झाकण, जुनी लाइन किंवा जुना फिल्टर यांतलंच काहीतरी. राहिला, तर पुढं बघायचं. डबा केबिनमध्ये किंवा सायलेन्सरजवळ नको. तो पंपापेक्षा उंचही नको. उंचावरून डिझेल आपोआप उतरतं आणि पंपाची स्वतःची ओढ कमजोर असली तरी झाकली जाते.

त्याच वेळी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप टाकून घ्या. त्यात बुडबुडे दिसले की गाडी एअर धरतेय. ओढीच्या बाजूचा पाइप फुटला तर बाहेर डिझेल गळेलच असं नाही, तो आतून हवा ओढतो. म्हणून खाली थेंब नाही म्हणजे लाइन ठीक, हा हिशेब चुकतो. लाइनमधली हवा काढायच्या हँड पंपाचा वॉल्व्ह, फिल्टरच्या नटाखालचे तांब्याचे वायसर, क्लिपखाली कडक झालेला रबरी होज, ही नेहमीची ठिकाणं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखालचं रबर लवकर तडकतं. शिवाय काही पाइपांचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतं, आणि बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो.

काही गाड्यांत, विशेषतः कॉमन रेलच्या, टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. तिथं हा प्रयोग घरी करू नये.

स्कॅनर

कॉमन रेल गाडीत रेल प्रेशर पूर्ण लोडवर हजार बारच्या वर जातं आणि कंट्रोल युनिट त्यावर सतत नजर ठेवतं. मागितलेलं प्रेशर मिळालं नाही की ते दम कापून गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे कशीबशी चालेल एवढ्याच ताकदीवर, टाकतं. स्कॅनरवर कोड येतो ‘रेल प्रेशर कमी’, आणि तिथंच घोटाळा होतो. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. बुजलेल्या फिल्टरनंही तोच कोड येतो, थकलेल्या हाय प्रेशर पंपानंही, आणि रिटर्नला जास्त डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरनंही.

म्हणून उभ्या गाडीचा कोड वाचून देणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा, भरल्या गाडीत शेजारी बसून मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर चालत्या गाडीत बघणारा माणूस शोधा. मोबाइलला जोडायचे स्वस्त अडॅप्टर कोड दाखवतात, पण जुन्या पिकअपमध्ये हे आकडे दाखवतीलच असं नाही. एक फायदा मात्र फक्त स्कॅनरचाच: ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर किंवा घासलेली वायर डब्यावर कधीच सापडणार नाही. इंजिन चालू ठेवून वायरमनला एकेक कपलर हलवायला सांगा. अर्थिंगची पट्टीही बघा.

मेकॅनिकल पंपावर जुने मिस्त्री चालत्या इंजिनात नोझलचे नट सैल करून कुठला सिलिंडर मेला ते ओळखतात. कॉमन रेलवर हे कुणालाही करू देऊ नका. त्या प्रेशरची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीच्या ऑपरेशनची वेळ येते.

हवेची बाजू

धूर काळा असेल तर वरचं बाजूला ठेवा आणि एअर फिल्टर काढून बघा. शेताच्या कच्च्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. मग टर्बो ते इंटरकूलरचे होज. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते, लोडवर उघडते. बाहेरून तेलकट काळा डाग दिसला की तिथं बोट घाला.

पंप

पंप-नोझलचं काम हजारांत जातं आणि गाडी काही दिवस उभी राहते. फिल्टर, पाइप, वायसर शेकड्यांत होतात. पण डब्यावरही दम गेला, पारदर्शक पाइपात बुडबुडा नाही, होज शाबूत आहेत, तर पंप उतरवाच, टाळाटाळ नको. स्टार्टिंगलाही त्रास आणि गरम झाल्यावर जास्त त्रास, असं असेल तर लवकर. देताना पंपवाल्याला दोष कधी येतो ते सांगा. बेंचचं रीडिंग खोलण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही मागा. पंपात बारीक चकचकीत कीस निघाला तर टाकी आणि लाइन धुतल्याशिवाय दुरुस्त पंप चढवू देऊ नका. डिझेल वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यानं धूर आणि उष्णता वाढते, दोष तसाच राहतो.