पॉवर विंडोची मोटर घरीच बदलली: नऊ महिने वापरून झाल्यावर

ड्रायव्हरच्या बाजूची काच आधी नुसती सुस्तावली. मग वर येताना मधेच थांबायला लागली. शेवटी बटण दाबलं की दारातून फक्त 'टक्', आणि दारावर आतून गुद्दा हाणला की दोन इंच सरकायची. त्या गुद्द्यानेच माझा संशय मोटरवर गेला. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले की नीट टेकत नाहीत, धक्का बसला की क्षणभर टेकतात.

तरी नवी मोटर मागवण्याआधी फ्यूज पाहिला, दाराचं पॅनेल उघडलं आणि मल्टीमीटर लावला. मोटरचं सॉकेट जोडलेलंच ठेवून मागून प्रोब घातले, कारण सॉकेट काढून, म्हणजे मोटरचा भार नसताना, मोजलं तर गंजलेली वायरसुद्धा ऐटीत 12 व्होल्ट दाखवते. माझ्या गाडीत साधी दोन वायरींची मोटर आहे. बटण वर दाबलं की जवळपास 12, खाली दाबलं की तेच उणे. म्हणजे स्विच आणि वायरिंग ठीक. (आलेली पहिली मोटर डाव्या दाराची निघाली. डावी-उजवी एकमेकींची आरशातली रूपं असतात, मागवताना बाजू दोनदा वाचा. आठवडा गेला माझा.)

प्रत्यक्ष काम अडीच तासांचं, त्यातला तासभर क्लिपांचा. हँडलच्या वाटीतला एक स्क्रू टोपणाखाली लपलेला असतो. तो न काढता पॅनेल ओढलंत तर काहीतरी मोडणारच, माझ्या दोन क्लिपा गेल्या. सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. आणि त्याही आधी काच वर आणून चौकटीला रुंद चिकटपट्टीने बांधा. काचेला जागेवर धरून ठेवतो तो मोटरमधला वर्म गियर. मोटर सुटली की काच दाराच्या पोटात. माझा रेग्युलेटर (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) केबलचा, तीन स्क्रूंवर मोटर मोकळी झाली, केबलचा ड्रम तेवढा अंगठ्याने दाबून धरला. कैचीसारखा रेग्युलेटर असेल तर त्याच्या ताणलेल्या स्प्रिंगला आधी अडकवून ठेवल्याशिवाय मोटरला हात लावू नका. ती स्प्रिंग सुटली तर बोटं जातील.

जोडल्यावर हौसेने दहा-बारा वेळा काच वर-खाली केली आणि मोटर बंद! पोटात गोळा आला. पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. गरम झाली की स्वतःला थांबवणारी सोय आत असते.

पण खरी चूक नंतर कळली. नवी मोटर असूनही ही काच वर यायला सहा सेकंद, शेजारची चार. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिथे बोट फिरवलं तर काळी, वाळूसारखी कचकच. ओल्या फडक्याने खाच पुसून काढली, सुकू दिली, सिलिकॉन स्प्रे मारला. चार सेकंद! जुन्या मोटरचा जीव याच कचकचीने घेतला असावा. स्प्रे आधी मारला असता तर कदाचित ती अजून चालली असती. तेल किंवा ग्रीस तिथे लावू नका, रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते.

तिसऱ्या महिन्यात पायाखालची मॅट ओली सापडली. दोष मोटरचा नाही, माझ्या घाईचा. काचेवरून दारात शिरलेलं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर जायचं असतं, आणि ते गाडीत येऊ नये म्हणून पॅनेलमागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो मी जुन्याच मळक्या गोंदावर दाबून बसवला होता. पॅनेल पुन्हा उघडून ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) कडेकडेने चिकटवला, तेव्हापासून कोरडं.

आता नऊ महिने झाले. वेग तोच, थंड सकाळीही अडत नाही. आवाज मात्र मूळ मोटरपेक्षा जाड आहे, 'घुंऽऽ' करत काच चढते, मागे बसणारे विचारतात. तीन महिन्यांतून एकदा चारही खाचा पुसतो.

जुनी मोटर परवा उघडली. आत काळ्या पुडीचा थर होता, एक ब्रश मसुराच्या डाळीएवढा उरलेला, आणि दुसरा शोधूनही सापडेना.