रोजची १५ मिनिटं की रविवारचा धडाका?

नव्या घरात गेलेल्या भाचीने विचारलं, "मावशी, रोज आवरू की रविवारी एकदाच?"

वेळ जवळपास सारखाच जातो. रोजची १५ मिनिटं म्हणजे आठवड्याला पावणेदोन तास. फरक पडतो तो दमणुकीत. आमच्याकडे एक खुर्ची आहे, शनिवारपर्यंत तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर होतो आणि तळाशी हमखास मुदत उलटलेलं विजेचं बिल सापडतं! शिवाय रविवारी पाहुणे आले की पुढचा आठवडाही बोंबलला. माळा मात्र १५ मिनिटांत होत नाही, त्याला सुट्टीच हवी.

घरात लहान मुलं, जागा वन बीएचके, तर रोजचंच बरं. एकटी राहतेस, शिफ्टची नोकरी आहे, तर रविवार पुरे. फक्त ओट्यावर रात्री खरकटं ठेवू नकोस, झुरळं होतात.